सोलेंट स्काय, साउदॅम्प्टन: एका उलांडीवाल्या जेटसाठी दोनदा तिकीट काढलं

इंग्लंडमधल्या विमानांच्या या संग्रहालयात मी दोनदा गेलो. पहिल्यांदा नातवासाठी, दुसऱ्यांदा माझ्यासाठी. दुसऱ्या वेळी एकटाच, बसने, डब्यात पोळी-भाजी घेऊन. मुलगा म्हणाला, "बाबा, तेच विमान परत बघायला परत तिकीट?" मी म्हटलं, तू तोच क्रिकेटचा सामना रात्री परत बघतोस तेव्हा मी काही बोलतो का?

मी मध्य रेल्वेत फिटर होतो. कल्याणच्या इलेक्ट्रिक लोको शेडमध्ये एकोणचाळीस वर्षं काढली, निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. मूळ गाव देवगडच्या बाजूचं. चुलत्यांच्या होड्या होत्या, त्यामुळे पान्याच्या आधी हातात वल्हं आलं. हे सांगायचं कारण एवढंच, की खालचं परीक्षण वाचताना तुम्हाला कळावं मी कशाकडे टक लावून बघतो आणि कशाकडे पाठ फिरवतो. चित्रं, पुतळे, राजवाडे यांत मला फारसं कळत नाही. बायको मला लंडनला एका राजवाड्यात घेऊन गेली होती, तिथं मी दारांच्या बिजागऱ्या बघून आलो.

सोलेंट स्काय साउदॅम्प्टनमध्ये अल्बर्ट रोड साउथवर आहे, इचेन नदीवरच्या उंच पुलाच्या जवळ. बाहेरून एक मोठी शेड. भपका शून्य. आत शिरलात की विमानं अंगावर येतात. एकाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीखाली, तिसरं वर टांगलेलं, मधे इंजिनांची स्टँडं. दादरच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता माणसं जशी उभी असतात तशी इथं विमानं उभी आहेत. ज्यांना मोकळा गालिचा आणि प्रत्येक वस्तूभोवती दहा फूट जागा हवी त्यांनी लंडनला जावं. मला हे असंच आवडतं, कारण शेडमध्ये यंत्रं अशीच उभी असतात आणि रिव्हेट जवळून दिसतात.

तर ते विमान. नाव साँडर्स-रो एसआर.ए/१. नाव वाचून काही बोध होत नाही, मलाही झाला नाही. नातू पुढं पळत गेला आणि ओरडला, "आबा, याला खाली होडी आहे!" आणि खरंच होती. वरून लढाऊ जेट विमान, खालून होडी. चिकटवलेली नाही बरं का, अंगचीच. पोटाचा आकारच होडीचा. पंखांच्या टोकांकडे दोन्ही बाजूंना छोटे तरंगते ठोकळे. आमच्याकडे मासेमारीच्या होडीला बाजूला जी लाकडी उलांडी असते, कलंडू नये म्हणून, तेच काम हे करतात. फरक इतकाच की आमची उलांडी एका बाजूला, यांच्या दोन.

मी तिथं थांबलो तो थांबलोच. बायको आणि सूनबाई पुढं सगळं बघून, दुकानात पोस्टकार्डं घेऊन परत आल्या तरी मी वाकून त्या उलांडीचा सांधा बघत होतो. हवेत गेल्यावर ही उलांडी वाऱ्याला अडणार. म्हणून ती आत दुमडायची, दुमडताना उलटी व्हायची आणि पंखाच्या पोटात अर्धी शिरून बसायची. म्हणजे एकाच हालचालीत दुमडणं आणि फिरणं दोन्ही. ज्यानं कधी दोन दिशांना हलणारा लिंकेज जुळवलाय त्यालाच कळेल की हे कागदावर काढणं सोपं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यात चालू ठेवणं किती जिकिरीचं. खाऱ्या हवेत आमच्या गावच्या सायकलची चेन दोन महिन्यांत गंजते. आणि हे विमान तर पाण्यातच राहायला बनवलेलं.

पहिली गोष्ट, असलं काही बनवावंसं कोणाला का वाटलं? दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक महासागरात बेटांवरून लढाई चालली होती. बेट जिंकायचं, मग तिथं धावपट्टी बांधायची, मग विमानं आणायची. जपान्यांनी त्यावर तोड काढली होती. झीरो विमानाला खाली मोठा तरंगता ठोकळा बसवून त्यांनी पाण्यावरून उडणारं लढाऊ विमान केलं. धावपट्टी नको, शांत खाडी पुरे. पण ठोकळा बसवलेलं विमान म्हणजे पायात गमबूट घालून धावायला निघालेला माणूस. वेग जातो.

साँडर्स-रो ही कंपनी आइल ऑफ वाइट बेटावरची, काउझची. साउदॅम्प्टनच्या समोरच्या किनाऱ्यावर. होड्या आणि उडत्या होड्या, म्हणजे पाण्यावर उतरणारी विमानं, बनवण्यात मुरलेली माणसं. त्यांच्या डोक्यात आलेली गोष्ट मला फार पटली, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पंख्याचं विमान पाण्यावर उतरवायचं तर पंखा पाण्याच्या फवाऱ्यापासून वर ठेवावा लागतो. म्हणून होडीचं पोट उंच करावं लागतं. पोट उंच म्हणजे विमान जाड. जाड म्हणजे सावकाश. पण जेटला पुढं पंखाच नाही! मग पोट उंच करायची गरज काय? विमान पाण्यात खाली बसू शकतं, सडपातळ राहू शकतं, आणि मग जमिनीवरच्या विमानाशी बरोबरी करण्याची निदान आशा तरी धरता येते. जेट इंजिन तेव्हा नवंकोरं. त्याचा सगळे वेगासाठी विचार करत होते. या होडीवाल्यांनी 'पंखा नाही' या एका गोष्टीवरून पूर्ण विमान उभं केलं. १९४४ च्या मे महिन्यात सरकारनं तीन नमुने मागवले.

होडीच्या तळाला मध्यावर एक आडवी पायरी आहे, खाच म्हणा. नातवानं विचारलं हे तुटलंय का? तुटलेलं नाही. ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट पालथं ठेवलं की उचलताना चिकटून बसतं ना, तसं पाणी होडीच्या तळाला धरून ठेवतं. वेग वाढला तरी सोडत नाही. त्या पायरीमुळे मागच्या भागाखाली हवा शिरते, पकड सुटते आणि विमान पाण्यावरून सुटं होतं. हे त्याला मी घरी ताटलीनं करून दाखवलं. सूनबाईंचा ओटा ओला झाला त्याबद्दल बोलणी खाल्ली.

इंजिनं दोन. वैमानिकाच्या मागं पोटात शेजारी शेजारी. नाकाला एकच भोक, तिथून हवा आत. गरम झोत दोन्ही बाजूंनी पंखाच्या मुळाशी बाहेर, थोडा तिरका, म्हणजे मागच्या अंगाला चटका लागू नये. शेपटीचे आडवे पंख उंचावर, फवाऱ्यापासून लांब. चार तोफा वीस मिलिमीटरच्या, नाकात. लांबी पन्नास फूट, पंखांचा पसारा शेहेचाळीस फूट. आपल्या लोकलच्या डब्यापेक्षा आखूडच. पण समोर उभं राहिलं की मोठं वाटतं, कारण एकट्या माणसाला बसायची जागा त्यात वरच्या बाजूला इवलीशी आहे आणि बाकी सगळी होडी.

फलकावर इंजिनाचं नाव वाचलं आणि मला एकदम घरचा माणूस भेटल्यासारखं झालं. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स बेरिल. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स! मी १९७७ साली लागलो तेव्हा जीआयपीच्या, म्हणजे इंग्रजांच्या वेळच्या रेल्वे कंपनीच्या, जमान्यातले जुने खेकडे अजून शंटिंगला होते. खेकडा म्हणजे ती दोन्हीकडे लांब नाक असलेली इलेक्ट्रिक इंजिनं, ज्यांनी बोरघाटात मालगाड्या चढवल्या. वजन सव्वाशे टन. त्यांची इलेक्ट्रिकची सामग्री मँचेस्टरच्या याच कंपनीची. माझ्या उस्तादांनी मला पहिल्याच आठवड्यात त्या नावाची पाटी पुसायला लावली होती, "नाव नीट दिसलं पाहिजे, ते बघूनच पोरा आपण दुरुस्ती शिकलो". मला वाटायचं ही मोटारी आणि कंट्रोलर बनवणारी कंपनी. त्यांनी विमानाचं जेट इंजिन पण केलं होतं हे मला अडुसष्टाव्या वर्षी साउदॅम्प्टनच्या शेडमध्ये कळलं. उस्ताद आता नाहीत, नाहीतर रात्रीच फोन केला असता.

आणि साधंसुधं इंजिन नव्हतं ते. त्या वेळी ब्रिटनमध्ये जेट इंजिनाचा शोधक फ्रँक व्हिटल याच्या पद्धतीची इंजिनं चालत होती. त्यांत हवा चाकाच्या मधून घेऊन बाहेरच्या कडेला फेकून दाबतात. इंजिन आखूड पण घेरदार होतं. मेट्रोविकवाल्यांनी, म्हणजे मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सनं, हवा सरळ रेषेत, एकामागून एक पात्यांच्या ओळींतून दाबत नेली. लांब पण बारीक. होडीच्या पोटात दोन शेजारी बसवायची तर बारीकच हवं. आज आपण ज्या विमानानं मुंबईहून लंडनला येतो त्याच्या इंजिनातही हवा अशीच ओळीओळीनं दाबली जाते. तीन नमुन्यांपैकी पहिल्यात प्रत्येक इंजिनाचा जोर ३,२३० पौंड होता, तिसऱ्यात ३,८५० पर्यंत गेला.

१६ जुलै १९४७ ला पहिलं उड्डाण झालं. तारीख बघा. जपान शरण आला ऑगस्ट १९४५ मध्ये. ज्या लढाईसाठी बनवलं ती संपून दोन वर्षं झाली होती. गाडी फलाटाला लागली तेव्हा फलाटावर माणूस नव्हता. त्यात वेग ताशी ५१२ मैल, म्हणजे ८२४ किलोमीटर. आज ऐकायला भरपूर, पण ग्लॉस्टर मेटिऑर या जमिनीवरच्या जेटनं १९४५ च्या नोव्हेंबरातच ६०६ मैलांचा जागतिक विक्रम करून ठेवला होता. होडी ती होडीच. शिवाय युद्धानं जगभर धावपट्ट्या करून ठेवल्या होत्या आणि विमानवाहू जहाजंही होतीच. हे सगळं खरं असलं तरी मी याला फसलेलं विमान म्हणणार नाही. आमच्या शेडमध्ये एक म्हणणं होतं: काम चुकलं की मागणी चुकली ते आधी ठरवा, मग शिव्या द्या. इथं काम चुकलेलं नाही.

याचा पुरावा म्हणजे पहिला वैमानिक, जेफ्री टायसन. हा गडी आधी हवाई सर्कशीत कसरती करायचा. १९३४ मध्ये यानं इंग्लिश खाडी उलट्या विमानातून पार केली होती, डोकं खाली पाय वर. १९४८ च्या फार्नबरोच्या प्रदर्शनात यानं हीच उडती होडी लोकांसमोर कमी उंचीवरून, वेगात, उलटी करून नेली. जो माणूस होडी उलटी करून दाखवतो त्याचा तिच्यावर किती विश्वास असेल! तिथं एक वयस्कर स्वयंसेवक होते, माझ्यापेक्षाही मोठे. त्यांनी सांगितलं की लोक या विमानाला लाडानं 'स्क्वर्ट' म्हणायचे, म्हणजे पिचकारी. पाण्यावरून धावताना बघितलं की दुसरं नाव सुचलंच नसेल.

तीनपैकी दोन गेली, दोन्ही १९४९ मध्ये, सहा आठवड्यांच्या आत. १२ ऑगस्टला एरिक ब्राउन काउझला उतरत होता. हा ब्रिटिश आरमाराचा वैमानिक. आयुष्यात ४८७ जातींची विमानं उडवली आणि जहाजावर २,४०७ वेळा उतरला. दोन्ही आकड्यांना अजून कोणी हात लावलेला नाही. असल्या माणसालाही पाण्यात अर्धवट बुडून तरंगणारं लाकूड दिसलं नाही. विमान त्याला आदळलं, उलटलं आणि बुडालं. ब्राउनला वाचवायला टायसन लाँचमधून पाण्यात उतरला. दुसरं विमान १७ सप्टेंबरला फेलिक्सस्टोजवळ समुद्रात कोसळलं, कसरतींचा सराव चालू असताना. त्यात हवाई दलाचा वैमानिक गेला. हे वाचल्यावर मी थोडा वेळ बाकावर बसून होतो. नातू म्हणाला, "आबा, हे तिसरं का?" हे तिसरं नव्हे, पहिलं. नंबर टीजी२६३. जुनं तेच टिकलं.

आणि इंजिनं संपली. हे फार कमी लोक बोलतात, पण फिटरला हेच पहिल्यांदा दिसतं. मेट्रोविकनं विमानाची इंजिनं बनवणंच सोडलं आणि ते काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं. मग पुढच्या विमानांत घालणार काय? स्पेअर नाही म्हणून चांगली इंजिनं यार्डात उभी राहिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. कोरियाचं युद्ध सुरू झाल्यावर पुन्हा एकदा याला बाहेर काढून उडवलं, पण तोवर जग पुढं गेलं होतं. जून १९५१ मध्ये हे विमान लंडनला उडत गेलं आणि चक्क थेम्स नदीवर उतरलं, फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनच्या प्रदर्शनासाठी. लढाऊ जेट, भर शहरात, नदीत! त्यानंतर ते उडालं नाही. क्रॅनफिल्डच्या कॉलेजात, मग स्टॅव्हर्टन, मग डक्सफर्ड असं फिरत फिरत शेवटी जन्मगावच्या समोरच्या किनाऱ्यावर येऊन बसलं.

यातलं एक इंजिन मात्र बसून राहिलं नाही, आणि ही गोष्ट मला दुसऱ्या भेटीत लागली. या विमानातून काढलेलं बेरिल वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कँपबेलच्या ब्लूबर्ड के७ या बोटीत गेलं. १९५५ मध्ये अल्सवॉटर तलावावर त्यानं पाण्यावरचा विक्रम पहिल्यांदा ताशी दोनशे मैलांच्या पुढं नेला. १९६४ च्या शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियात २७६ मैल. बेरिल दमल्यावर त्यानं १९६६ मध्ये बोटीत दुसरं इंजिन घातलं, ऑर्फियस. त्याच बोटीत ४ जानेवारी १९६७ ला कॉनिस्टन तलावावर तो अपघातात गेला. आता ऑर्फियस कोणत्या विमानाचं? फोलंड नॅटचं. आणि नॅट कुठं आहे? त्याच शेडमध्ये, चार पावलांवर!

नॅट दिसल्यावर मात्र बायकोलाही थांबवलं. फोलंड कंपनी इथलीच, साउदॅम्प्टनजवळच्या हॅम्बलची. हे इवलंसं विमान आपल्या हवाई दलानं घेतलं आणि बंगळूरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनं बनवलं. १९६५ मध्ये यानं पाकिस्तानची सेबर विमानं पाडली. १९७१ मध्ये श्रीनगरवर एकट्यानं लढून गेलेले परमवीर निर्मलजीतसिंग सेखों नॅटच उडवत होते. तेव्हा मी पंधरा वर्षांचा. खिडक्यांना काळे कागद आणि रेडिओवर बातम्या. नातवाला म्हटलं, हे आपलं विमान. तो म्हणाला, "पण आबा, इथं लिहिलंय हे इथंच बनवलं." बरोबर आहे त्याचं. मग त्याला मारुत सांगितलं, आपल्या देशात बनलेलं जेट लढाऊ, त्यात हीच ऑर्फियस दोन होती. तोवर त्याचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं.

दुसरीकडे म्हणजे सँडरिंगहॅम. मोठी चार इंजिनांची प्रवासी उडती होडी, शेडचा अर्धा भाग तिनंच खाल्लाय. हिच्या आत जाता येतं. आत खरोखरच्या बोटीसारखे खण, खिडक्या, जिना. पोरांना हे सगळ्यात जास्त आवडतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मोठ्यांनाही. महायुद्धाआधी याच बंदरातून असल्या उडत्या होड्या कराची, ग्वाल्हेर, कलकत्ता करत पूर्वेकडे जात होत्या, तलावांवर उतरत. मी आत एक चक्कर मारली, छान आहे, आणि परत पिचकारीपाशी आलो. स्पिटफायर बनवणाऱ्या सुपरमरीनचा कारखाना नदीपलीकडे वुलस्टनला होता, त्यामुळे एक स्पिटफायर आणि शर्यतीचं एस.६ए पण आहे. ते बघायला जगभरातून लोक येतात, त्यांना माझ्या शिफारशीची गरज नाही.

कामाच्या गोष्टी. जाण्याआधी उघडण्याचे दिवस आणि वेळ बघून घ्या. दोन तास पुरतात. तुम्ही माझ्यासारखे असाल तर चार. जिने चढताना गुडघे सांभाळा. स्वयंसेवकांशी बोला, अगदी इंग्रजी तोडकं-मोडकं असलं तरी. माझं इंग्रजी रेल्वेच्या फाइलीतलं, पण मी उलांडीच्या सांध्याकडे बोट दाखवून हातानं दुमडून दाखवलं आणि त्या आजोबांचे डोळेच चमकले. मग आम्ही वीस मिनिटं बोललो, त्यातली दहा हातांनी. मोठी पिशवी नेऊ नका, वाटा अरुंद आहेत. जवळच एका कॅफेत आम्ही चहा प्यायलो, कोणत्या ते सांगत नाही. कोमट पाण्यात बुडवलेली पिशवी आणि किंमत कल्याणला पाच माणसांच्या मिसळीएवढी. थर्मास न्या.

ज्यांना अर्धा दिवस जास्त आहे त्यांनी साउदॅम्प्टनहून ईस्ट काउझची फेरी घ्यावी. तासाभराचा प्रवास. बोट आत शिरताना समोर एक भली मोठी शेड दिसते, तिच्या दारांवर ब्रिटनचा अवाढव्य झेंडा रंगवलेला. राणीच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९७७ मध्ये, रंगवला. मी नोकरीला लागलो तेच वर्ष. ती साँडर्स-रोची कोलंबाइन शेड. समोर थेट पाण्यात उतरणारा उतार. मी फेरीच्या कठड्याला धरून उभा होतो. टायसन इथूनच उडाला, ब्राउन इथंच बुडाला. बायको म्हणाली थंडी वाजते, आत चला. गेलो.

गुण द्यायचे तर पाचपैकी पाच. मुलाच्या मते साडेचार, कारण त्याला दोन्ही वेळेला माझी वाट बघावी लागली, एकदा आत आणि एकदा बसस्टॉपवर.

तिकिटाच्या मागं मी त्या उलांडीचं चित्र काढलं होतं, कशी दुमडते, कशी उलटी होते, बाणांसकट. त्याचा फोटो देवगडला चुलतभावाला पाठवला. तो अजून होडी चालवतो. सोबत ब्राउनची सगळी हकीकत बोलून पाठवली. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज आला, मागं लाटांचा आवाज होता. "चित्र बरा काढलंस. उलांडी वर घेवची अक्कल भारी आसा. पण माका एक सांग, लाकडाक आपाटली तेवा नाळीर बघूक माणूस कित्याक नाय बसवलो?"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मी त्याला कळवलं, की बाबा रे, एकाच माणसाची जागा होती. त्यावर त्याचं अजून उत्तर आलेलं नाही.